एफआर-७ साठी घरी भरलेली काडतुसं

टेक्सासकर: स्पॅनिश एफआर-७ रायफल घेतली. मूळची १९१६ ची ७ मिमी माउझर, पुढे ७.६२ नाटो काडतुसासाठी बदललेली. दुकानातली .३०८ काडतुसं (७.६२ नाटोचं नागरी भावंड) झाडायला मन धजत नाही. काडतुसं भरायच्या मॅन्युअलमधला सुरुवातीचा भार, म्हणजे बंदुकीच्या दारूचं सगळ्यात कमी छापील प्रमाण, सुरक्षित असेल ना?

जुना माउझरवाला: नुसतं 'सुरुवातीचा' बघून भागणार नाही हो. .३०८ चा कमाल दाब ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), ७×५७ चा, म्हणजे तुमच्या रायफलीच्या मूळ ७ मिमी काडतुसाचा, ५१,०००. तुमची अ‍ॅक्शन (बोल्ट आणि तो बसतो ती चौकट) १८९३ च्या घराण्यातली, १८९८ च्या माउझरचा तिसरा सेफ्टी लग (बोल्ट धरून ठेवणारा जादा दात) हिला नाहीच. होजडन या बंदुकीची दारू विकणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक भारापुढे दाब छापलेला असतो. ५१,००० च्या बराच खाली असेल तोच घ्या. मी तर अशा रायफलीत ओतीव शिशाच्या गोळ्याच वापरतो, त्याही छापील भारानेच. आणि लष्करी केसेस (काडतुसांची पितळी टरफलं) टाळा. भिंती जाड, आत जागा कमी, म्हणून त्याच दारूला दाब जास्त. त्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस (चेंबरमध्ये काडतूस नीट बसतं का ते ठरवणारं अंतर) तपासून घ्या. एफआर-८ असती तर एवढं बोललो नसतो, तिची अ‍ॅक्शन ९८ ची.

टेक्सासकर: मग दारू अजून कमी केली तर?

जुना माउझरवाला: मुळीच नको! सावकाश जळणारी दारू छापील किमान भाराखाली गेली, की दाब अचानक उसळू शकतो.

टेक्सासकर: बरं. गनस्मिथची वेळ घेतो आधी.