स्नोब्लोअर नुसता झकास चालतो, बर्फात घातला की दम सोडतो

बफेलोकर:
मंडळी, मी बफेलोच्या दक्षिणेला राहतो. ईरी सरोवरावरून वारा सुटला की इथे काय होतं ते जाणकारांना माहीत आहेच. काल रात्रीत चौदा इंच बर्फ पडला.

माझं स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून दूर फेकणारं यंत्र, दोन स्टेजचं, २४ इंची, २०८ सीसी फोर-स्ट्रोक, सात हिवाळे जुनं. दुसऱ्या ओढीला सुरू होतं. नुसतं उभं असताना आवाज जरा वरखाली होतो, हुं-हुंऽ-हुं. ऑगर (बर्फ आत ओढणारा फिरता स्क्रू) बर्फात घातला की दहा-पंधरा सेकंदांत इंजिन बसायला लागतं, ऑगरचा दांडा सोडला की सावरतं. रस्ता साफ करणारी नांगरगाडी ड्राइव्हवेच्या तोंडाशी ओल्या बर्फाचा बांध घालून जाते ना, तिथे तर थेट बंद. चोक अर्धा ओढून ठेवला तर कसंबसं निभावतं.

प्लग नवा टाकला, तेल बदललं. एअर फिल्टर शोधण्यात अर्धा तास गेला, सापडलाच नाही. पेट्रोल एप्रिलपासून टाकीत तसंच होतं, हे आधीच कबूल करतो. दुकानात तीन आठवडे नंबर नाही. बायको म्हणते, फावडं आहे की.

सांगलीचा मिस्त्री (मुक्काम मिनेसोटा):
अरे, उत्तर तूच लिहिलंयस. चोक ओढल्यावर बरं चालतं म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. चोक हवा अडवतो, म्हणून मिश्रण जमतं. लोड आला की गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) थ्रॉटल उघडतो, हवा भरपूर येते, पण मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबलेला, मग पेट्रोल आणायचं कुठून? तो हुं-हुंऽदेखील त्याच दुखण्याचा. आमच्या वर्कशॉपात चेतक आली की उस्ताद गाडीकडे न बघताच म्हणायचे, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय." दहातल्या आठ वेळा खरं निघायचं.

फिल्टर शोधू नकोस, बहुतेक स्नोब्लोअरला तो नसतोच. उडता बर्फ त्यावर गोठला तर इंजिनाचा श्वासच कोंडेल.

आधी फुकटचं काम. टाकीचं झाकण सैल करून चालवून बघ. झाकणाचं भोक बर्फाने बुजलं तरी हीच लक्षणं दिसतात. फरक नाही पडला तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी उतरव, बहुधा १० नंबरचा पाना लागेल. मधल्या खांबात पितळी जेट, त्याच्यावर बारीक भोकांची नळी. दोन्ही काढून दिव्यासमोर धर. आरपार उजेड दिसला पाहिजे. वायरमधली तांब्याची एक तार घालून साफ कर, टाचणी किंवा ड्रिल अजिबात नको, भोक मोठं झालं की जेट वाया. गॅरेजचं दार उघडं ठेव आणि हीटर बंद. पेट्रोलच्या वाफेची चेष्टा नको.

टोरांटोची ताई:
काकांशी सहमत. फक्त एक बघा, आवाज तसाच राहून ऑगर मंदावत असेल तर दोष ऑगर फिरवणाऱ्या पट्ट्याचा, इंजिनाचा नाही. आमचा असाच घसरत होता आणि आम्ही उगाच कार्बोरेटर खोलून बसलो.

बफेलोकर:
ताई, आवाजच बसतो, त्यामुळे पट्ट्यावरचा संशय मिटला. काका, झाकणाने काही झालं नाही. वाटीच्या तळाशी पिवळा चिकट थर, जुन्या वार्निशसारखा. जेटमधून उजेड टाचणीच्या टोकाएवढाही नाही, नळीची निम्मी भोकं बुजलेली. स्प्रे मारून तारेने साफ केलं. मग नवीनच नाटक: स्प्रेने वाटीचं रबरी रिंगण फुगलं, खाचेत बसेना. रात्रभर कोरडं ठेवलं, सकाळी गपचूप बसलं.

टाकी रिकामी करून इथेनॉल नसलेलं पेट्रोल भरलं. आज चोक पूर्ण उघडा ठेवून तोच बांध एका दमात कापला. पुढे बर्फात गोठलेलं वर्तमानपत्र ऑगरमध्ये गेलं आणि शिअर पिन (ऑगर अडकला की गिअरबॉक्स वाचवायला आधी तुटणारी खीळ) तुटली.

सांगलीचा मिस्त्री:
इंजिन बंद करून, प्लगची वायर काढून, काठीने काढ. हात घालू नकोस. जुन्या नटबोल्टने पिनची वेळ भागवू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी गिअरबॉक्स जाईल.

बफेलोकर:
काठीनेच काढलं. डब्यात दोन पिना होत्या, एक लावली. पेपर मागच्या रविवारचा निघाला.