'बॉर्न इन द यूएसए': स्प्रिंगस्टीनने स्वतःच्याच गाण्यावर अन्याय केला का?

रात्रपाळी:
अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन माझ्या फार जवळचा आहे, म्हणूनच हे बोचतं. १९८४ च्या या गाण्यातला माणूस व्हिएतनामहून परत आलाय. रिफायनरीत काम मागतो, मिळत नाही. माजी सैनिकांच्या कचेरीतूनही हात हलवत परततो. भाऊ व्हिएतनाममधल्या खे सान्हच्या लढाईत मारला गेला. एवढं दुःख, आणि वाजतंय काय? त्याच्या बँडमधल्या रॉय बिटनचा सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) विजयाची मिरवणूक निघाल्यासारखा! लोकांनी 'बॉर्न इन द यूएसए' हे ध्रुवपद तेवढं उचललं, कडवी वाऱ्यावर गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन न्यू जर्सीतल्या हॅमंटनला प्रचाराला आले आणि स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेचा दाखला देऊन गेले.

आता याच गाण्याचं मूळ रूप ऐका. १९८२ चा जानेवारी, न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकमधलं भाड्याचं घर, चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर, हातात गिटार. त्या कॅसेटमधली बरीच गाणी 'नेब्रास्का' अल्बममध्ये जशीच्या तशी आली. हे मागे राहिलं, थेट १९९८ मध्ये 'ट्रॅक्स' या संचात बाहेर आलं. ते ऐकून कुणाचाही गैरसमज होणार नाही. त्याने तेच तेव्हा द्यायला हवं होतं.

ठेका:
अजिबात पटलं नाही. गिटारवरच्या गाण्यातला माणूस हरून बसलाय. बँडबरोबरचा अजून उभा आहे, ओरडतोय. ज्या देशाने काम दिलं नाही त्याच देशावर हक्क सांगतोय, आणि हक्क काय कुजबुजत सांगायचा?

मिरवणूक म्हणता, पण मिरवणूक पुढे सरकते. इथे सिंथेसायझरची तीच ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत राहते, खाली तेच दोन कॉर्ड (स्वरमेळ). सुटका नाहीच. शेवटी शेवटी मॅक्स वाइनबर्गचे ड्रम ठेका सोडून बेभान कोसळतात आणि बँड पुन्हा त्याच ओळीवर येऊन आदळतो, तेवढाच भाग हेडफोन लावून ऐका. यात जल्लोष कुठे सापडला तुम्हाला?

आणि हे हवेतून आलेलं नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये त्याने लॉस एंजेलिसला व्हिएतनामच्या माजी सैनिकांच्या मदतीसाठी कार्यक्रम केला होता. ही माणसं त्याने समोर पाहिली होती.

जुनी कॅसेट:
रेगन यांना उत्तर तर त्याने काही दिवसांतच पिट्सबर्गला दिलं. अध्यक्षांचा आवडता अल्बम 'नेब्रास्का' नसावा, अशा अर्थाचं बोलून त्याने 'जॉनी ९९' सुरू केलं. माहवाचा मोटार कारखाना बंद पडल्यावर बेकार होऊन गोळी झाडणाऱ्याचं गाणं! याहून स्पष्ट काय सांगायचं?

रात्रपाळी:
ड्रमचा तो भाग आत्ता पुन्हा ऐकला. ठेका, तिथे तुमचं म्हणणं मान्य, इतकी वर्षं मी तो नुसता जोश समजत होतो. पण जुनी कॅसेट, स्टेजवर उभं राहून अर्थ सांगावा लागला, हेच तर माझं दुखणं आहे. १९९५ च्या एकट्याच्या दौऱ्यात त्याने स्वतःच हे गाणं बँड काढून, गिटारवर, कडवट करून गायलं. त्यालाही काही सलत असणारच ना?

ठेका:
सलत असेल. तरी नंतरच्या दौऱ्यांत बँड परत आलाच, आणि गाणंही पूर्ण आवाजात परत आलं.