राखीव मॉड्यूल: क्रमांक जुळला म्हणजे काम झाले, असे नाही

यंत्राची कंपने मोजून धोक्याची सूचना देणाऱ्या रॅकमधले मॉड्यूल बदलताना, राखीव मॉड्यूलचा क्रमांक जुन्याशी जुळत असेल तर ते रॅकमध्ये सरकवले की काम संपते, असा एक समज आहे. हे अर्धेच खरे आहे. क्रमांक हार्डवेअरची खात्री देतो. अलार्म व ट्रिपच्या (यंत्र आपोआप बंद करण्याच्या) मर्यादा आणि सेन्सरचा प्रकार कॉन्फिगरेशनमध्ये असतो, शिवाय कपाटात काही वर्षे पडून राहिलेल्या मॉड्यूलचे फर्मवेअरही (आतले सॉफ्टवेअर) जुने असू शकते. म्हणून चालू कॉन्फिगरेशन आधी जतन करावे, आणि संबंधित ट्रिप बायपास (तात्पुरती निष्क्रिय) झाल्याची लेखी नोंद हाती आल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये.

मॉड्यूलवरचा ‘ओके’चा हिरवा दिवा मात्र फसवा असतो. सिग्नल मान्य पट्ट्यात आहे, एवढेच तो सांगतो. त्यामुळे मी जुने मॉड्यूल काढण्यापूर्वी बफर्ड आउटपुटवर (सेन्सरचा मूळ सिग्नल तपासण्याच्या जोडणीवर) मल्टिमीटरने गॅप व्होल्टेज, म्हणजे प्रोब आणि शाफ्टमधले अंतर दाखवणारा व्होल्टेज, मोजतो (समजा उणे 10 व्होल्ट) आणि नव्यावर तेच दिसते का ते पाहतो.

प्रॉक्सिमिटरच्या (प्रोबचा सिग्नल व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या उपकरणाच्या) बाबतीत तर जास्तच जपावे लागते: 5 मीटरच्या प्रोब-केबल संचाला 9 मीटरच्या संचासाठीचा प्रॉक्सिमिटर जोडला तरी वाचन येते, पण 7.87 व्होल्ट प्रति मिलिमीटर ही अपेक्षित संवेदनशीलता त्यात उरत नाही.