साध्या इंजिनाला टर्बो: 'बोल्ट आवळा, पॉवर घ्या' एवढं सोपं नाही

वाळूजकर: परवा इथे एकाने लिहिलं की १.२ लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून जास्त हवा आत ढकलणारा पंखा) किट बसवा, इंजिन उघडायचीही गरज नाही. कॉलेजची पोरं हे वाचून घरच्या गाडीवर हात चालवतील, म्हणून लिहितोय. या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ११:१ च्या आसपास. वरून ०.५ बार बूस्ट (टर्बोचा जादा दाब) दिला की जवळपास दीडपट हवा आत कोंबली जाते. मग ज्योत पोचायच्या आधीच कडेचं मिश्रण पेटतं, नॉकिंग सुरू. पिस्टन फुटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यात मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरवर येणारी हवाच भाजलेली.

लातूरचा_गडी: अर्धवट सांगायलात. बूस्ट ०.३ बारवर ठेवा, इंधन फवारणारे इंजेक्टर मोठे टाका, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यून करून ठिणगीचं टायमिंग मागे घ्या, चालतं. माझ्या मावसभावाची गाडी भर उन्हाळ्यात औट्रम घाट चढते. आणि आता ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे, ऑक्टेन म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद ९५. नॉकिंग उलट कमीच होतं.

बीडकर_शेतकरी: ई२० चं कौतुक इथं नको. इथेनॉल येतं उसातून, आणि ऊस पाणी पितो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं ते तुमच्याच लातूरला ना? शेजारच्या उसापायी आमची बोअर आटली, वडिलांची मोसंबी जळाली.

लातूरचा_गडी: त्या रेल्वेचं पाणी मी प्यायलोय, मला शिकवू नका! उसाला एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर) कायद्याने मिळते. सोयाबीन हमीभावाखाली विकावं लागतं. शेतकऱ्याने काय लावावं? आणि इथेनॉल मक्याचंही होतं.

बीडकर_शेतकरी: मग सिल्लोडचा मका घ्या की! दुष्काळी पट्ट्यात कारखान्यांना परवाने कशाला? बोअर ज्याची आटते त्याला विचारा.

वाळूजकर: पाण्यासाठी वेगळा धागा काढा, मीही येतो. ई२० ने नॉकिंग कमी होतं, हे मानावंच लागेल. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे इंधन जास्त लागतं. इंजेक्टर पुरला नाही की मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त), पिस्टन जळाला. गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ही आहेच. माझ्या मेव्हण्याची टर्बो लावलेली गाडी ठोकली, विमा कंपनीच्या सर्व्हेअरने बॉनेट उघडलं आणि क्लेम गेला. हप्ते अजून चालू आहेत.

लातूरचा_गडी: विम्याचं खरंय, तेवढं सोडतो. इंजिनाचं नाही. तुमच्या मेव्हण्याचा पिस्टन फुटला होता का, ते सांगा.

वाळूजकर: नाही फुटला. चारच महिने चालली होती.