पहिल्या पुस्तकावर चाळीस मिनिटं बोलायचंय. तयारी कशी करू?

माणगंगा:
नमस्कार मंडळी. माझा पहिला कथासंग्रह दिवाळीच्या सुमारास आला. बहुतेक कथा आटपाडी-दिघंची भागातल्या, संवाद सगळे तिकडच्या बोलीत. आता तालुक्याच्या एका वाचनालयानं 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमाला बोलावलंय. पत्रिकेत विषय छापलाय 'माझा लेखनप्रवास', वेळ चाळीस मिनिटं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे उभं राहून बोलायची सवय आहे. पण वर्ग वेगळा आणि समोर गावातले वकील, निवृत्त मुख्याध्यापक, जाणते वाचक बसलेले असणं वेगळं. एका संग्रहावर प्रवास तो काय सांगायचा? घरचे म्हणतात भाषण लिहून पाठ कर, हातात कागद दिसला की लोकांना वाटतं हिला येत नाही. आणि कागद घेतला तर तो थरथरतो, ते पहिल्या रांगेला दिसतं. ज्यांनी असे कार्यक्रम केलेत किंवा घडवून आणलेत, त्यांनी कृपया सांगा.

ग्रंथपाल_मावशी:
ताई, आधी मनापासून अभिनंदन. मी नोकरीभर वाचनालयात होते. व्याख्यानमाला, वर्धापनदिन, लेखक-वाचक भेट हे सगळं माझ्याकडेच असायचं. त्या अनुभवावरून एकच सांगते: भाषण करू नका. तुमची कथा वाचून दाखवा.

भाषण करायला गावात वक्ते पुष्कळ आहेत. तुमच्या कथेतलं माणूस तुमच्याच आवाजात ऐकायला मात्र लोकांना दुसरीकडे कुठं जाता येत नाही. बालपण, संस्कार, गुरुजनांचे आशीर्वाद असं सुरू झालं की सभागृहात चुळबूळ सुरू होते आणि लेखकाला वाटतं आपला आवाजच चांगला नाही. आवाज चांगला असतो. माणसं पुस्तकासाठी आलेली असतात आणि पुस्तक कुठंच येत नाही.

पत्रिका छापली म्हणून घाबरू नका. अध्यक्षांना फोन करून सांगा, मी थोडं बोलेन आणि एक भाग वाचेन. नाही म्हणणारा कार्यकर्ता मी पाहिलेला नाही.

आता कोणता भाग. संग्रहातली सगळ्यात गाजलेली कथा असलीच पाहिजे असं नाही. आधीचं काही ठाऊक नसताना कळेल आणि ज्यात दोन माणसं एकमेकांशी बोलताहेत, असा तुकडा शोधा. छापील पानावर साधारण तीनशे शब्द असतात, ते नीट वाचायला अडीच-तीन मिनिटं लागतात. म्हणजे पाच-सहा पानं झाली की पंधरा मिनिटं झाली, त्याहून जास्त नको. कथेचा शेवट वाचू नका. पेच उभा राहिला की थांबा, आणि वाचनालयाला सांगून बाहेरच्या टेबलावर प्रती ठेवा.

पुस्तकातून थेट वाचू नका. वेगळी वाचनप्रत करा आणि ती करताना कथेला हात लावा. इथं बहुतेक लेखक अडून बसतात, 'छापलंय तसंच वाचणार' म्हणतात. पण वाचक मागं वळून वाक्य पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याला ते करता येत नाही. 'बाजारातून परतताना ओढ्याकाठी भेटलेल्या, मुंबईहून कालच आलेल्या सदाला बघून ती थबकली' हे पानावर चालतं. कानाला ते दोन वाक्यांत द्या: 'सदा कालच मुंबईहून आला होता. बाजारातून परतताना ती ओढ्याकाठी त्याला बघून थबकली.' अवतरणचिन्ह ऐकू येत नाही, तेव्हा संवादाच्या पहिल्या दोन-तीन ओळींत कोण बोलतंय ते नाव घेऊन सांगा, मग आपोआप कळत जातं. छापताना प्रसंग बदलला की तीन फुल्या टाकतात, तिथं 'दुसऱ्या दिवशी' असं काहीतरी म्हणावंच लागतं. नाहीतर अर्धं सभागृह अजून ओढ्यावरच असतं.

प्रत मोठ्या अक्षरात काढा, अठराचा टाइप आणि ओळींत भरपूर जागा. कागदाच्या एकाच बाजूला. पान वाक्याच्या मध्ये संपू देऊ नका. स्टेपल करू नका, पण पान क्रमांक घाला. थांबायचं तिथं पेन्सिलनं उभी रेघ मारा. आणि 'वेळ कमी असेल तर इथून थेट इथं' अशी एक जागा आधीच ठरवा. सत्कार, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि 'दोन शब्द' बोलणारे तिघेचौघे झाल्यावर तुमच्या चाळीस मिनिटांची पंचवीस होतात. व्यासपीठावर बसून घाईत काटछाट करायची वेळ येऊ नये.

थरथरीवर उपाय सोपा आहे. मुलं परीक्षेला नेतात ते क्लिपचं पॅड घ्या. कागद पॅडवर असला की हात हलला तरी पान फडफडत नाही.

बोलीबद्दल फार कळकळीनं सांगते. निवेदन तुमच्या रोजच्या बोलण्यात वाचा आणि संवाद घरी जसे ऐकलेत तसे. 'आरं पर म्या कवा म्हनलं?' हे वाक्य आवाज चढवून, विनोदी करून वाचलं की लोक हसतात, टाळ्याही देतात, आणि ती बाई तिथंच संपते. कथेत ती कळवळून बोलत असेल तर कळवळूनच यायला हवी. आपल्याकडे बोली म्हणजे हशा अशी सवय झालीय श्रोत्यांना. पहिल्या संवादाला हसू आलं तर येऊ द्या, तुम्ही त्याच्या मागं जाऊ नका. चौथ्या ओळीला सभागृह शांत होतं.

जुना_श्रोता:
मावशींचा आदर ठेवून थोडं वेगळं सांगतो. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथन करून सामान्य माणसाला कथेची गोडी लावली. व. पु. काळ्यांच्या कथाकथनाच्या कॅसेट आमच्या घरात झिजेपर्यंत वाजल्या. कथा सांगायची असते. मध्ये कागद आला की श्रोत्याची नजर तुटते. घरचे म्हणतात ते अगदीच चूक नाही, पाठ करा.

ग्रंथपाल_मावशी:
दादा, तुम्ही नावं घेतलीत ती माणसं एकच कथा पुन्हा पुन्हा सांगत आली. कुठं थांबलं की लोक पुढं झुकतात, हे त्यांना श्रोत्यांनीच शिकवलं. ती सिद्धी पहिल्याच कार्यक्रमात ताईंकडून मागणं अन्याय आहे. आणि पाठ केलेलं लपत नाही. पुढचं वाक्य शोधताना डोळे वर छताकडे जातात, नजर तर तेव्हाही तुटतेच. त्यापेक्षा बोट ओळीवर ठेवून वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द मान वर करून म्हणावेत. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी काव्यवाचनाला सभागृहं भरवली. तिघांची पद्धत तीन तऱ्हांची, कुणी कुणासारखं वाचलं नाही. ताईंनीही दुसऱ्या कुणासारखं वाचू नये.

सुरुवातीची दहा मिनिटं मात्र कागदाशिवाय बोला, इथं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तेव्हा गावाबद्दल बोला, या कथांमधली माणसं कुठं भेटली ते सांगा.

साउंडवाला_सातारा:
मंडपातला माणूस बोलतो. आमच्याकडे कुणी कधी विचारत नाही म्हणून सांगतो.

ताई, हातातला माइक तोंडापासून चार बोटं लांब, ओठांच्या किंचित खाली धरा. समोर अगदी जवळ धरला की फ, भ, प म्हणताना स्पीकरमधून फटका बसतो. जाळीवर पंजा ठेवू नका, शिट्टी त्यामुळंच वाजते. पदराला लावायचा बारका माइक दिला तर मंगळसूत्र त्याच्यावर घासतं, तो थोडा बाजूला लावायला सांगा. पण तुमच्या हातात पॅड असणार, म्हणून स्टँडवरचा माइकच मागून घ्या आणि उंची आधी करून घ्या.

'हॅलो, हॅलो, माइक चेक' नको. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी या आणि तुमच्या कथेतली सगळ्यात हळू ओळ आणि सगळ्यात जोरातली ओळ म्हणा. मी त्या दोन्हींमध्ये आवाज लावून ठेवतो. हळू ओळीला आवाज चढवायची गरज नाही, ते काम आमचं.

माणगंगा:
सगळ्यांचे खूप आभार. अध्यक्षांना आजच फोन केला, ते लगेच हो म्हणाले. वाचायला चारा छावणीतला, सासू-सुनेच्या बोलण्याचा प्रसंग काढलाय. एकच शंका. शेवटी प्रश्नोत्तरं ठेवलीत. 'लिहायची प्रेरणा कुठून मिळाली' असं विचारतीलच. त्याला काय सांगू?

ग्रंथपाल_मावशी:
छावणीचा प्रसंग उत्तम. प्रश्न कुणीही विचारला तरी आधी तो माइकवर पुन्हा म्हणा, मागच्या रांगेला तो ऐकू आलेला नसतो आणि तुम्हालाही विचार करायला अवधी मिळतो. प्रेरणेला मोठं उत्तर शोधू नका. त्या सासूचं पहिलं वाक्य तुम्ही कुणाच्या तोंडून, कुठं ऐकलं, तेवढंच सांगा. कुणी प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचंच भाषण सुरू केलं तर त्यातला एक शब्द उचलून त्यावर दोन वाक्यं बोला आणि पुढच्या हाताकडे वळा. बायका सहसा मागं बसतात आणि हात वर करत नाहीत, त्यांच्याकडे बघून तुम्हीच विचारा, छावणीवर कुणी राहिलंय का.