मदत हवी आहे: ध्वनी कार्ड व नेटवर्क कार्ड एकत्र चालत नाहीत

मंदगती:
४८६ संगणकात साउंड ब्लास्टर १६ हे ध्वनी कार्ड आणि एनई२००० जातीचे नेटवर्क कार्ड, अशी दोन आयएसए (मदरबोर्डवरील खाचांचा एक प्रकार) कार्डे बसवली आहेत. एकेकटे लावले तर प्रत्येक कार्ड व्यवस्थित चालते. मात्र दोन्ही एकत्र असताना पॅकेट ड्रायव्हर (नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्राम) सुरू केला, की कधी कार्ड सापडतच नाही, तर कधी त्याचा सहा बाइटांचा हार्डवेअर पत्ता दर वेळी निराळाच दिसतो. ध्वनी कार्ड २२० या पोर्टवर (प्रोसेसर ज्या पत्त्यावर कार्डाशी बोलतो तो) आणि नेटवर्क कार्ड ३२० वर आहे, म्हणजे पोर्टच्या पत्त्यांची टक्कर नाही. दोन दिवस यातच गेले आहेत, तरी कृपया नेमका उपाय सांगावा.

जंपरवाला:
आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरचे लक्ष वेधते त्या तारेचा क्रमांक) कोणते, हे आपण लिहिलेलेच नाही. माझ्या अनुभवात घोळ बहुधा तिथेच असतो. अशी अनेक नेटवर्क कार्डे मुळात ३ वर लावलेली असतात आणि ३ हा दुसऱ्या सीरियल पोर्टचा आयआरक्यू आहे.

खिडकीप्रेमी:
विंडोज ९५ टाकावे. त्यातील डिव्हाइस मॅनेजर अडचणीच्या कार्डापुढे पिवळे उद्गारचिन्ह दाखवतो.

मंदगती:
संगणकावर डॉस ६.२२ आहे आणि मला डॉसच हवे आहे. आयआरक्यू ५ आणि १० आहेत. ते वेगळे असणार हे उघड असल्यामुळे लिहिले नव्हते.

षोडशमान:
उघड वाटते तेच लिहावे लागते. संगणक सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमधील ब्लास्टरची, म्हणजे ध्वनी कार्डाची मांडणी सांगणारी ओळ पूर्ण द्यावी.

मंदगती:
ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६.

षोडशमान:
त्यातील पी३३० पाहावे. ध्वनी कार्डाचा मिडी भाग (संगीताच्या सुरांच्या सूचना पाठवणारा) ३३० आणि ३३१ या पोर्टांवर बसतो. एनई२००० ला एक पत्ता पुरत नाही, त्याला सलग बत्तीस लागतात. षोडशमानात (सोळाच्या पायावर, जिथे एफ म्हणजे पंधरा) मोजल्यास ३२० पासून ३३एफपर्यंतची सगळी जागा त्याची होते. शिवाय त्याचे डेटा पोर्ट मूळ पत्त्यापासून सोळा घरे पुढे, म्हणजे नेमके ३३० वर येते. ड्रायव्हर हार्डवेअर पत्ता तिथूनच वाचतो. त्या वेळी दोन्ही कार्डे एकदम उत्तर देतात आणि हाती कचरा येतो.

सोपाउपाय:
मग नेटवर्क कार्ड ३६० वर न्यावे. माझे वर्षानुवर्षे तिथेच आहे.

जंपरवाला:
आपल्याकडे प्रिंटर पोर्ट बंद असेल. ३६० पासूनची बत्तीस घरे ३७एफपर्यंत जातात आणि पहिला प्रिंटर ३७८ वर असतो.

सोपाउपाय:
प्रिंटर आता कोण वापरतो?

षोडशमान:
पोर्ट सुरू असेल तर प्रिंटर जोडलेला नसतानाही टक्कर होते. ३०० किंवा ३४० घ्यावा. बरेच खेळ मिडी ३३० वरच शोधतात, म्हणून ध्वनी कार्डाला हात लावू नये.

मंदगती:
जंपर (कार्डावरची पत्ता ठरवणारी छोटी खिट्टी) ३४० वर नेला, तरीही कार्ड सापडत नाही.

षोडशमान:
ड्रायव्हरच्या ओळीत जुना ३२० राहिला असेल.

मंदगती:
राहिलाच होता. ओळ बदलल्यावर सलग पाच वेळा तोच हार्डवेअर पत्ता आला, आणि खेळाचे संगीतही चालू आहे.