पाटण परिसरातील मालकी रानात नरक्या पुन्हा कसा वाढवावा?

घाटवाट_पाटण : कोयना अभयारण्याच्या हद्दीबाहेर, पाटण तालुक्याच्या घाटमाथ्यावर आमचे वडिलोपार्जित मालकी रान आहे. त्यात अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा अशी जुनी झाडी अजून टिकून आहे. मात्र वडीलधारी माणसे सांगतात ते नरक्याचे औषधी झाड आता जवळजवळ दिसत नाही. व्यापाऱ्यांच्या माणसांनी तो तोडून नेला, त्यामुळे काही ठिकाणी नुसते बुंधे आणि काही ठिकाणी मुळे उपटलेले खड्डे उरले आहेत. येत्या पावसाळ्यात रोपे लावावीत असा विचार आहे. रोपे कोणती घ्यावीत आणि ती उघड्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ पठारावर, लावावीत की झाडीत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

देवराईकर : रोपे विकत आणण्याआधी रानातले बुंधे नीट पाहावेत, अशी माझी विनंती आहे. नरक्या बुंध्यापासून चांगला फुटतो. ज्याचे मूळ जमिनीत शाबूत आहे, त्याच्या धुमाऱ्यांपैकी दोन-तीन जोमदार ठेवून भोवती काट्यांचे कुंपण केले, तर नव्या रोपापेक्षा ते झाड किती तरी लवकर उभे राहते. उपटलेल्या जागी मात्र लागवडीशिवाय इलाज नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि लागवड करणारे बहुतेक जण तीच विसरतात. नरक्याची नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. पावसाळ्यात, साधारण ऑगस्टच्या सुमारास, फांद्यांच्या टोकांना पिवळसर पांढऱ्या फुलांचे झुबके दिसतात आणि त्यांचा घाणेरडा वास दुरूनही येतो. तेव्हा भिंगातून फूल पाहावे : नर फुलात परागाने भरलेले पुंकेसर ठळक असतात, तर मादी फुलाच्या मधोमध फुगीर अंडाशय दिसतो. त्याच वेळी झाडांवर खुणा करून ठेवाव्यात, कारण आसपास नर झाड नसेल तर एकटी मादी वर्षानुवर्षे फुलूनही फळ धरत नाही. एकाच झाडाच्या फांद्यांची कलमे लावली, तर सगळी झाडे एकाच लिंगाची होतील, म्हणून रोपे बियांपासूनच आणि निरनिराळ्या मातृवृक्षांच्या बियांपासून केलेली असावीत.

रोपवाटिका_कराड : वरील मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. फळे हिवाळ्यात पिकून काळसर जांभळी होतात. गर धुऊन बी ताजे असतानाच वाफ्यात टाकावे. उन्हात वाळवून पुढच्या हंगामासाठी ठेवलेले बी बहुतांशी वाया जाते. उगवण सावकाश आणि मागेपुढे होते, त्यामुळे वाफा लवकर मोडू नये. रोपे पहिल्यापासून अर्धवट सावलीत वाढवावीत आणि लागवडही अंजनी-जांभळाच्या झाडीच्या कडेला करावी. उघड्या जांभ्याच्या सड्यावर उन्हाळ्यात ती तगणार नाहीत. बी गोळा करण्यासाठी अभयारण्यात जाऊ नये, तसे करणे वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. गावाची संमती घेऊन देवराईतील फळे मिळू शकतात, परंतु तीही सगळी उचलू नयेत.

शिराळा_रानवाट : तांत्रिक माहिती उत्तम आहे, पण नरक्या का संपला याचा विचार लागवडीआधी व्हायला हवा. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी या अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षातून वेगळे केले. पुढे १९७२ मध्ये ते आपल्या नरक्यातही सापडल्याचे प्रसिद्ध झाले. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरील औषधे याच द्रव्यापासून तयार होतात, त्यामुळे लाकडाला आणि मुळांना भाव आला आणि झाड समूळ जाऊ लागले. ऱ्हासाचे कारण पाहून उपाय ठरतो : अमेरिकेच्या पूर्व भागात हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षांचा ऱ्हास जपानहून आलेल्या एका मावासदृश किडीमुळे झाला. ती तेथे व्हर्जिनियात १९५१ मध्ये प्रथम नोंदली गेली, आणि आज तेथील जाणकार रोपांइतकेच लक्ष त्या किडीला खाणारे भुंगेरे सोडण्याकडे देतात. आपल्याकडे ऱ्हासाचे कारण माणसाची तोड हेच असल्याने, शेजारच्या रानमालकांनी मिळून तोड न करण्याचे ठरवल्याखेरीज एकट्याची लागवड मोठी होईल तेव्हा पुन्हा विकली जाईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाटवाट_पाटण : सर्वांचे आभार. शेजारच्या रानमालकांशी बोलणे सुरू करतो आणि यंदा फुलोऱ्यात खुणा करून घेतो, लागवड पुढच्या पावसाळ्यात करू. एक शंका राहते : झाडीच्या कडेला कारवी दाट माजली आहे, ती साफ करावी काय?

देवराईकर : सरसकट साफ करू नये. उतारावरची माती तिने धरून ठेवलेली असते. रोपाभोवती हात-दीड हात जागा मोकळी केली तरी पुरते. मात्र कारवी एकदा सर्वत्र फुलून गेली की वाळते आणि पुढच्या उन्हाळ्यात वणव्याला आयते सरपण मिळते, म्हणून त्या वर्षी जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा) नेहमीपेक्षा रुंद आणि होळीच्या बऱ्याच आधी काढावी.